अमेरिकन ग्रीनकार्डच्या रांगेत भारतीयच इतकी वर्षं का अडकतात? एका देशाला वर्षाच्या ग्रीनकार्डांपैकी सहसा सात टक्क्यांहून जास्त देत नाहीत; हा सात टक्क्यांचा नियम आपल्याविरुद्ध केला होता का?

नाही. उलट हा नियम वंशभेदी कोटे मोडणाऱ्या कायद्यातून आला.

उघड भारतीयविरोधी कायदे त्याआधीचे. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशासाठी बंद केला, त्यात भारतही होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असं ठरवलं. १९२४ च्या कायद्याचे देशवार कोटे १८९० च्या जनगणनेवर बेतले होते. इतकी जुनी जनगणना मुद्दाम धरली, कारण नंतर इटली आणि पूर्व युरोपातून आलेले लोक तिच्यात फारसे नव्हते. भारताला १९४६ मध्ये मिळाल्या वर्षाला १०० जागा!

१९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने हे कोटे रद्द केले आणि पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० ही सारखीच कमाल मर्यादा घातली. १९९० च्या कायद्याने ही मर्यादा ७ टक्के झाली, तर नोकरीवर आधारित ग्रीनकार्डांची संख्या वर्षाला साधारण १,४०,००० ठरली. खरी गोम इथे आहे. त्याच कायद्याने एच-१बी हा नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा आणला, त्याला वार्षिक मर्यादा आहे पण देशवार मर्यादा नाही. म्हणजे आत यायला देश विचारत नाहीत, कायम राहायला विचारतात.

ईबी-२ चा, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरी-आधारित ग्रीनकार्ड गटाचा हिशोब करा. वाटा २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. त्याचे ७ टक्के जेमतेम २,८००, आणि त्यातच नवरा-बायको, मुलंही मोजतात. इतर देशांनी न वापरलेल्या जागा वर्षाअखेरीस मिळू शकतात, म्हणून ज्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा नंबर लागतो ती कधी अचानक पुढे सरकते, कधी मागेही जाते.

अनेकांची गफलत होते ती देश ठरवण्यात. पासपोर्ट नव्हे, जन्मस्थान बघतात. दुबईत जन्मलेला भारतीय यूएईच्या खात्यात. भारतात जन्मून कॅनेडियन झालेला मात्र भारताच्याच. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल आणि दोघं सोबत अर्ज करत असतील तर त्याचा देश लावता येतो. मुलाच्या जन्मस्थानाचा आईवडिलांना असा उपयोग नाही.

नोकरी बदलली तर नव्या कंपनीला प्रक्रिया बहुधा पुन्हा करावी लागते, पण जुना आय-१४० (कंपनीने तुमच्या ग्रीनकार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालेला असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख, सहसा टिकते. मंजुरीआधी नोकरी बदलली तर ती सहसा जाते, त्यामुळे घाई करू नका.

सगळ्यात जास्त जपायचं ते मुलांचं वय. २१ पूर्ण झालं की मूल तुमच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२ च्या कायद्यानुसार आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके वयातून वजा होतात. मात्र तारीख खुली झाल्यापासून, म्हणजे तुमचा नंबर लागल्यापासून, वर्षभरात मुलासाठी ग्रीनकार्डची कार्यवाही सुरू केली नाही, तर ही वजावट सहसा मिळत नाही.