मुलांना विचार करायला लावायचंय?

ताई, शिकवण्याच्या पहिल्याच वर्षी ब्लूमची (आठवण्यापासून नवं निर्माण करण्यापर्यंतच्या विचारांच्या पायऱ्यांची) सगळी शिडी चढायची घाई नको. दोनच गोष्टी धरा.

१. प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प राहा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजलं, तर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते; थांबणं वाढवल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. नवे शिक्षक इथेच चुकतात, घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

२. प्रश्न उलटा करा. ‘७ + ५ किती?’ऐवजी ‘उत्तर १२ येईल अशी गणितं सांगा.’ माझ्या तिसरीतल्या एकीने चिंचोके मांडून ‘२४चे निम्मे’ सांगितलं. लगेच शाब्बास म्हणू नका, ‘कसं काढलंस?’ विचारा. चुकलेल्यालाही हेच विचारा.

पाढे मात्र सोडू नका हं, ते येत असले की अशी गणितं पटकन सुचतात.