त्या खोलीत ते किती जण होते?

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या मुलाने तुझ्या अशिलाला फ्लॅटवर बोलावलं, तिथे त्याच्या टोळीने त्याला समलिंगी संबंधावरून धमकावलं. अशिलाने त्यांना 40,000 रुपये दिले आहेत, आता ते गुरुवारपर्यंत 2 लाख मागताहेत, आणि अशील तुला म्हणतोय, ‘मॅडम, एकदाच देऊन मिटवून टाकू.’ माझं मत विचारलंस. आता एक रुपयाही द्यायचा नाही आणि फिर्याद द्यायची. पण हे त्याला पटवून द्यायचं काम तुझं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कोणाला फारशी सांगितलेली नाही. 2014 साली माझ्याकडे एक शिक्षक आले होते. प्रकरण हुबेहूब असंच, फक्त त्यात ॲप नव्हतं, बागेतली ओळख होती. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये काढून घेतला होता आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जसंच्या तसं उभं होतं. भारतीय दंड संहितेत एक विचित्र तरतूद होती. खटल्यात अडकवण्याची धमकी देऊन खंडणी घेतली तर कलम 388 खाली 10 वर्षांपर्यंत शिक्षा, पण धमकी 377 च्या आरोपाची असेल तर थेट जन्मठेपेपर्यंत. म्हणजे 1860 साली कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की हे कलम ब्लॅकमेलरच्या हातातलं हत्यार होणार. पण त्या शिक्षेचा उपयोग करायचा तर माझ्या अशिलाला पोलीस ठाण्यात जाऊन आधी स्वतःविरुद्धच जबाब द्यावा लागला असता. मी त्यांना म्हणालो, ‘सर, देऊन टाका.’ त्यांनी तीनदा दिले. तिसऱ्यांदा गावाकडचा प्लॉट विकून. मग नोकरी सोडून कुठे गेले, मला कळलं नाही. तो सल्ला आजही मला बोचतो.

तुझ्या अशिलाची स्थिती तशी नाही, आणि हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेजसिंह जोहर निकालानंतर दोन प्रौढांनी संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर 377 ला पर्यायी कलमच नाही. तो मनाने अजून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. त्याला तिथून खाली उतरव. पहिली भेट त्यासाठीच खर्च झाली तरी चालेल. कलमं नंतर.

त्या टोळीलाही कायदा बदलल्याचं माहीत आहे, म्हणून आता त्यांची भाषा बदलली आहे. ‘मुलगा 17 वर्षांचा आहे, पोक्सो लावू’ असं ते म्हणाले, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा कायदा, असं तू लिहिलंस. हे तू त्याला स्पष्ट विचारायचंस, न लाजता आणि त्याला न लाजवता. समोरच्याचं वय काय सांगितलं होतं, प्रोफाइलवर काय होतं, तो दिसायला कसा होता. खरोखरच अल्पवयीन असेल तर ते आपल्याला आधी कळलं पाहिजे, कारण मग सल्ला वेगळा द्यावा लागेल. पण एक लक्षात ठेव, आरोप खरा असला तरी त्याच्या जोरावर पैसे उकळणं ही खंडणीच. खरी तक्रार असणारा माणूस ठाण्यात जातो, यूपीआयचा क्यूआर कोड पाठवत नाही.

आता कलमांकडे. तू कच्च्या मसुद्यात न्याय संहितेचं फक्त 308(2) टाकलंस, म्हणजे साधी खंडणी, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. 308(6) आणि 308(7) बघ. मृत्युदंड, जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात गोवण्याची भीती घालणं, हे त्यातच येतं. पोक्सोची धमकी इथे बसते. (6) साठी पैसे हातात पडायलाही लागत नाहीत, भीती घातली की झालं. म्हणून गुरुवारची 2 लाखांची मागणी स्वतंत्रपणे लिही. 40,000 दिले गेले, तिथे (7).

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. त्या फ्लॅटमध्ये ते किती जण होते? दार लावून घेतलं होतं का? मोबाइल हिसकावून तिथेच पिन टाकायला लावला का? समोर उभं राहून मारहाणीची किंवा अडवून ठेवण्याची तत्काळ भीती घालून तिथल्या तिथे पैसे घेतले, तर कलम 309 प्रमाणे ती जबरी चोरी होते. आणि बोलावणारा मुलगा, साध्या वेशातले ते तोतया पोलीस, असे मिळून पाच भरले आणि सगळे सामील होते, तर 310, दरोडा. हा फरक ठाण्यातल्या टेबलावर फार मोठा पडतो.

कारण तिथे तुम्हाला पहिलं वाक्य ऐकू येईल, ‘अर्ज देऊन जा, चौकशी करतो.’ अर्जावर समाधान मानू नकोस. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मध्ये 3 वर्षं ते 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे, आपल्याला नाही. गुन्हा दाखल केला नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी, मग दंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या 175(3) खाली अर्ज. एफआयआर ऑनलाइन चढवू नये अशी विनंतीही लेखीच दे. संवेदनशील प्रकरणं वगळायची सोय सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच ठेवली आहे. घरच्यांना कळेल, ही त्याची सगळ्यात मोठी भीती असणार, आणि आपण तिला हसण्यावारी नेऊ शकत नाही. कधीच कळणार नाही, असं वचन मात्र देऊ नकोस.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आज रात्रीच फोन करायला सांग. पैसे पुढच्या खात्यात सरकले असले तरी नोंद हवी.

चॅट पुसू देऊ नकोस. लाजेपोटी माणसं आधी तेच करतात. हँडसेटही बदलायचा नाही, चॅट पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासाठी तो लागेल.

त्याचा मेव्हणा म्हणतोय ना, ‘आमचे 40,000 परत द्या, मग तक्रार करत नाही’ असा निरोप पाठवू? तो निरोप जाता कामा नये. गुन्हा दडपण्याच्या बदल्यात स्वतःचीच रक्कम परत घेणंही न्याय संहितेच्या कलम 250 मध्ये अडकतं, आणि तुझ्या लेटरहेडवर गेला तर तुलाही ते भोवेल.

उद्या साडेदहाला मी बाररूममध्ये आहे. त्याला घेऊन ये, मेव्हण्याला बाहेर बसव. फिर्याद त्याच्याच शब्दांत लिहायची, आणि ठाण्यात मी तुमच्या दोघांबरोबर येतो.