वाचक विचारतात : उभी असलेली स्पोर्ट्‌सकार विकावी की ठेवावी?

प्रश्न : माझ्याकडे पोर्शे बॉक्स्टर आहे. 2011 चे मॉडेल, नोंदणी फेब्रुवारी 2012 ची, नाशिकची. इंजिन 2.9 लिटर, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स, मी दुसरा मालक. गाडी 19,000 किलोमीटर चालली आहे. आता वर्षाला जेमतेम 600 किलोमीटर होतात, एरवी कव्हरखाली असते. एका व्यापाऱ्याने 17 लाख सांगितले, ऑनलाइन जाहिरातींत मात्र 26 लाखांपर्यंतचे आकडे दिसतात. पुढे भाव चढेल म्हणून ठेवावी, की आताच विकावी? खरी किंमत कशी काढायची?

उत्तर : भाव चढण्याची आशा आधी बाजूला ठेवा. बॉक्स्टरची ही पिढी मर्यादित संख्येत काढलेली नव्हती, शिवाय 2.9 लिटरची 255 अश्वशक्तीची गाडी ही त्यातली साधी आवृत्ती. 3.4 लिटरच्या ‘एस’ला 310 अश्वशक्ती आहे आणि हौशी गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच शोधते. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होईल असेही कोणी सांगत असेल तर ऐकू नका. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे व्हावी लागतात.

आता हिशेब. गाडी 20 लाखांची धरू. ही रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला 1,40,000 रुपये व्याज येईल, ते तुम्ही सोडता आहात. विमा 45,000, वर्षाची सर्व्हिस 60,000, टायर-बॅटरीचा वर्षाला पडणारा वाटा 35,000 धरा. एकूण 2,80,000. भागिले 600 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या वर, पेट्रोल वेगळेच. तुमच्या पावत्या काढून आमच्या आकड्यांच्या जागी तुमचे घाला. आकडा बघूनही रविवारी सकाळी गाडी काढायचा हुरूप टिकला तर खुशाल ठेवा, हौसेला मोल नसते. मात्र ‘गुंतवणूक’ म्हणून ठेवत असाल तर हा तोट्याचा धंदा आहे.

तुमच्या बाबतीत खरी निकड तारखेची आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, तुमची फेब्रुवारी 2027 मध्ये संपते. नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म 25 वर, मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आत करायचा असतो. साध्या मोटारीला यासाठी 5,000 रुपये लागतात, पण ‘आयात’ म्हणून नोंद असलेल्या मोटारीला एप्रिल 2022 पासून 40,000. बॉक्स्टर भारतात तयार स्थितीतच येत असे, त्यामुळे तुमची नोंद बहुधा आयातच असेल, तरी वाहन पोर्टलवर पाहून घ्या. वर पर्यावरण कर आणि गाडी आरटीओला दाखवणे आले. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळते. वीस वर्षांनंतरचा टप्पा आणखी महाग आहे. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने आयात मोटारीसाठी तो 80,000 केला.

म्हणून आमचे मत असे : विकायचीच असेल तर मुदतीआधी किमान सहा महिने बाजारात आणा. ते जमले नाही तर आधी नूतनीकरण करा आणि मग विका. मुदत संपत आलेल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत विकणे सगळ्यांत वाईट. गिऱ्हाईक 40,000 च्या खर्चाचे लाखभर कापते आणि त्यावर ‘पासिंग झालेच नाही तर?’ ही भीतीही वजा करते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत, ते बदलत राहतात. तिकडच्या गिऱ्हाइकाला पंधराव्या वर्षाच्या तोंडावरची गाडी नकोशीच वाटते.

किंमत काढताना लक्षात ठेवा, जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याने मागितलेली किंमत, झालेला व्यवहार नव्हे. तीन-चार जाहिरातींवर दोन महिने नजर ठेवा. तीच गाडी तेवढ्याच आकड्याला पडून असेल तर तो भाव बाजाराने नाकारला आहे. तुलना करताना इंजिन, गिअरबॉक्स, वर्ष, मालक कितवा आणि नोंदणी कुठली, हे पाचही जुळले पाहिजेत. व्यापाऱ्याच्या 17 लाखांत त्याचा नफा, काही महिन्यांचे व्याज आणि अनपेक्षित दुरुस्तीची तरतूद असते, तेव्हा तो फसवतोच आहे असे नाही. विम्यातल्या आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर, तर विसंबूच नका. पाच वर्षांवरच्या गाडीला तो तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवलेला आकडा असतो.

कमी किलोमीटर हा गुण आहे, पण अर्धवट. जाणकार गिऱ्हाईक इंजिनाच्या संगणकातून चाललेले तास वाचून घेईल. 19,000 किलोमीटर आणि 600 तास असतील तर सरासरी ताशी 32 येते, शहरातल्या गाडीला ते पटते. 1,500 तास निघाले तर सरासरी 13 च्याही खाली जाते. म्हणजे एक तर मीटरशी खेळ झाला, नाहीतर गाडी जागेवरच तासन्‌तास सुरू ठेवली. दुसरा प्रकार फार दिसतो. दर रविवारी दहा मिनिटे जागेवर इंजिन चालू ठेवले की गाडी ‘जिवंत’ राहते, असा समज आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात तेल पुरते तापत नाही, पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात मिसळते, सायलेन्सर आतून गंजतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा तीसेक किलोमीटर चालवा आणि त्यात दहा-पंधरा मिनिटे एसी लावा, म्हणजे कॉम्प्रेसरची सिले सुकत नाहीत. उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉलचे पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, इथेनॉल ओलावा ओढते.

बॅटरी उतरली की या गाडीत एक गंमत होते. बॅटरी पुढच्या डिकीत आणि त्या डिकीचे कुलूप विजेवर चालणारे. अशा वेळी पायापाशी असलेल्या फ्यूजपेटीतला बाहेर ओढता येणारा धातूचा संपर्कबिंदू शोधा. दुसऱ्या बॅटरीची धन वायर त्याला आणि ऋण वायर दाराच्या चौकटीवरच्या लोखंडी कडीला लावली की डिकी उघडण्यापुरती वीज मिळते. या वायरींवर इंजिन सुरू करायला जाऊ नका, त्या जळतात. भिंतीच्या प्लगवर चालणारा, बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर कायम लावून ठेवला तर ही वेळच येत नाही.

विकण्याआधी खर्च कुठे करावा? तेल आणि फिल्टर बदला, भले वर्षात 600 किलोमीटरच झाले असोत. तेल वेळेनेही खराब होते. ब्रेक ऑइल दोन वर्षांवरचे असेल तर तेही बदला. छताच्या कडेची पाणी जायची भोके साफ करून घ्या. पाचोळ्याने ती तुंबली की पावसाळ्यात गालिच्याखाली पाणी साचते आणि इलेक्ट्रॉनिक्सचे दुखणे सुरू होते. वायरींना उंदीर लागलेत का ते गाडी लिफ्टवर चढवून पाहा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : ‘3517’ म्हणजे 2017 चा पस्तिसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी सहा वर्षांवरचा टायर गिऱ्हाईक जुनाच धरते. कडांना चिरा नसतील तर टायर बदलू नका. चारही टायरांचे कोटेशन दाखवून भावात तेवढी सूट द्या. पुढचे-मागचे आकार वेगळे असतात आणि पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ची खूण असते. तुम्ही दुसरेच बसवले तर पैसे जाऊन वर नाराजी पदरात पडते. रंग नव्याने मारू नका. जाडी मोजणारे यंत्र दोनशे मायक्रॉनच्या वर गेले की ‘कुठे ठोकली होती?’ हा प्रश्न ठरलेला.

जाहिरातीत एक ओळ जरूर लिहा. आधीच्या बॉक्स्टरमध्ये इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे बेअरिंग, ज्याला आयएमएस म्हणतात, ते बिघडून अख्खे इंजिन जायची भीती असे. 2009 पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. धास्तावलेल्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसते.

कागदपत्रे : फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30, कर्ज असल्यास फॉर्म 35, परराज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी आधीच बसवा, नाहीतर हस्तांतर अडते. व्यापाऱ्याला देणार असाल तर तो आरटीओचा अधिकृत आहे का ते तपासून फॉर्म 29 सी ऑनलाइन भरा. ‘गिऱ्हाईक मिळाले की नावावर करू’ यावर गाडी देऊ नका. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. रोख 2 लाख किंवा त्याहून जास्त घेता येत नाही. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र मागून घ्या. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो.

प्रश्न : आमच्या भागीदारी फर्मच्या नावावर बीएमडब्ल्यू झेड 4 आहे, घसाराही घेतला आहे. विकताना जीएसटी पूर्ण किमतीवर लागेल का?

उत्तर : नाही, फक्त फरकावर. फर्म जीएसटीत नोंदलेली असेल आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) घेतलेली नसेल, तर विक्री किंमत वजा प्राप्तिकरानुसार उरलेले मूल्य, यावर 18 टक्के. उरलेले मूल्य 9 लाख आणि विक्री 12 लाखांना झाली तर 3 लाखांवर 54,000. विक्री 8 लाखांना झाली तर फरक उणे, कर शून्य. प्राप्तिकरात विक्रीची रक्कम मोटारींच्या ब्लॉकमधून (एकाच दराने घसारा लागणाऱ्या मालमत्तेच्या गटातून) वजा होते, तिथे नफा निघतो का हे सीएकडून आधीच काढून घ्या. वैयक्तिक नावावरच्या, घरच्या वापरातल्या गाडीला यातले काहीच लागत नाही.

प्रश्न : मडगावला वडिलांची सॅन स्टॉर्म आहे. नोंदणी 2003 ची, 2018 पासून नूतनीकरण नाही. काही किंमत येईल का?

उत्तर : येईल, पण गाडी पुरी असेल तर. गोव्याच्या सॅन मोटर्सची ही दोन आसनी उघडी गाडी फार थोड्या संख्येने बनली. इंजिन रेनोचे, 1,149 सीसी, साठेक अश्वशक्तीचे. इंजिनाचे सुटे भाग खटपट करून मिळतात. अडते ते काच, छताचा सांगाडा, दिव्यांच्या कडा आणि आतल्या बारीकसारीक तुकड्यांपाशी, कारण ते दुसऱ्या कुठल्या गाडीचे चालत नाहीत. काढून ठेवलेला एकही तुकडा भंगारात देऊ नका. बॉडी फायबरची असल्याने ती गंजत नाही, पण खालची लोखंडी चौकट गंजते आणि समुद्रकाठी लवकर गंजते. गाडी वर उचलून जोडांपाशी स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा, आत रुतला तर किंमत निम्म्यावर आली समजा. फायबरवरच्या बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा रंगापुरत्या असतात. बिजागऱ्या आणि बोल्टांपासून निघालेल्या चिरा मात्र खोल जातात. त्या आतून फायबरची मॅट (काचतंतूंचे कापड) लावून भराव्या लागतात, वरून पुट्टी मारली तर पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा दिसतात. गाडी आयात नसल्याने वीस वर्षांवरचे नूतनीकरण शुल्क 10,000 आणि उशिराचे महिन्याला 500 प्रमाणे. तो खर्च विकण्याआधी तुम्हीच करा. कागद मेलेली गाडी सुट्या भागांच्या भावाने मागितली जाते.