८ टेक्निशियन, २०० एएमसी: एसी आणि पंपांच्या सर्व्हिसिंगसाठी सॉफ्टवेअर कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एसी आणि सोसायट्यांच्या पंपांचं काम करता, ८ पोरं आहेत, २०० च्या आसपास एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) आहेत, आणि सगळा कारभार एक वही नि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांवर चाललाय. कंप्लेंट मागं पडतात, एएमसीच्या फेऱ्या राहून जातात, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? माझाही धंदा हाच. धायरीत दुकान आहे, ११ जण कामाला. एक सॉफ्टवेअर घेऊन सोडलं, दुसरं गेली ३ वर्षं चालू आहे. त्यावरून सांगतो.

डेमो ऑफिसात बघू नका, पंप रूममध्ये जाऊन बघा. पहिल्या वेळी मी ऑफिसात बसून निवड केली होती. मोठ्या स्क्रीनवर पुण्याचा नकाशा, त्यावर पोरांचे ठिपके, महिन्याचे आलेख. सगळं मालकाला आवडेल असं. मग पावसाळ्यात बावधनच्या एका सोसायटीत पंपाचं मेकॅनिकल सील (पंपातून पाणी गळू न देणारा भाग) बदलायचं काम आलं. पंप रूम दुसऱ्या बेसमेंटमध्ये. आमच्या टेक्निशियननं पंप खोलला, सील बदललं, जुन्या-नव्याचे फोटो अ‍ॅपमधूनच काढले आणि सेव्ह दाबलं. चक्र फिरत राहिलं, कारण खाली रेंजच नव्हती. वर गेटपाशी येईपर्यंत अ‍ॅप लॉगआउट झालेलं, फोटो गेलेले, गॅलरीतही नाहीत. पंधरा दिवसांनी सेक्रेटरी काकांचा फोन, "तुमच्या माणसानं सील बदललंच नाही, पाणी गळतंच आहे." पाणी गळत होतं डिलिव्हरी लाइनच्या फ्लँजमधून, म्हणजे पाइपाच्या जोडातून. पण दाखवायला आमच्याकडं काही नव्हतं. बिल सोडून द्यावं लागलं. चोख काम केलेल्या पोराच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली, ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

म्हणून ट्रायल घेताना फोन एअरप्लेन मोडवर टाका. अख्खं जॉब कार्ड (एका कामाची नोंद) भरा, चार फोटो जोडा, सही घ्या, अ‍ॅप पूर्ण बंद करा. मग रेंज चालू करा. सगळं आपोआप वर चढलं तर पुढचं बोलणं करा, नाहीतर सेल्सवाल्याला नमस्कार करून मोकळे व्हा. आणि ही ट्रायल तुमच्या फोनवर नको. सगळ्यात स्वस्त फोन ज्या पोराकडं आहे, त्याच्या फोनवर घ्या.

जॉब कार्ड जितकं छोटं तितकं खरं भरलं जातं. आमच्या पहिल्या अ‍ॅपमध्ये भरायच्या जागा इतक्या की पोरं दिवसभर काहीच भरत नसत. संध्याकाळी साडेसातला दुकानात येऊन सगळे कॉल एकदम 'पूर्ण' करत. त्या वेळांना आणि नोंदींना काय अर्थ? जेट पंपानं एसी धुतल्यावर हात ओले असतात, ग्राहक मागं उभा असतो. आता एसीच्या सर्व्हिसला आम्ही चारच गोष्टी घेतो: क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर (एसी किती करंट घेतो), ग्रिलपाशी हवेचं तापमान, एक फोटो, सही. स्क्रीनवरचे शब्द मराठी किंवा हिंदीत करता येतात का तेही विचारा.

यापुढचा मुद्दा बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि तुमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा आहे. आपल्या धंद्यात ग्राहकाइतकीच मशीनची नोंद लागते. एका दवाखान्यात ७ एसी असतात, तक्रार एकाची असते. तो कुठला, गॅस आर-२२ की आर-४१०ए की आर-३२, कॅपॅसिटर मागच्या वेळी कधी बदलला, हे निघण्याआधी कळलं तर पोरगा योग्य सिलिंडर घेऊन जातो आणि एक चक्कर वाचते. आम्ही प्रत्येक इनडोअर युनिटला क्यूआर स्टिकर लावलेत, स्कॅन केलं की त्या मशीनचा इतिहास उघडतो. एएमसीचंही तसंच. वर्षाच्या ४ फेऱ्या करारावरून सॉफ्टवेअरनं स्वतः लावल्या पाहिजेत, आणि करार कॉम्प्रिहेन्सिव्ह (पार्टसकट) आहे की नुसत्या लेबरचा, हे त्या फेरीच्या कार्डावर दिसलं पाहिजे. नाहीतर पार्टचे पैसे घ्यायचे की नाही, हा फोन तुम्हालाच येत राहणार.

आता नावांबद्दल. इंटरनेटवर शोधलं की सर्व्हिसटायटन, जॉबर, हाउसकॉल प्रो ही नावं आधी येतात. ती उत्तर अमेरिकेतल्या कंत्राटदारांसाठी बनलेली आहेत. त्यांची करपद्धती तिकडची, पैसे घेण्याची सोय कार्डाभोवती, हिशेबाची जोडणी प्रामुख्यानं क्विकबुक्स या अकाउंटिंग सॉफ्टवेअरशी. क्विकबुक्सची भारतातली सेवा तर ३१ जानेवारी २०२३ नंतर बंदच झाली. आपला सीए टॅलीत काम करतो, ग्राहक यूपीआयनं पैसे देतो. त्यामुळं झोहो एफएसएम, ओडूचं फील्ड सर्व्हिस आणि इथल्या दोन-तीन छोट्या कंपन्यांची उत्पादनं यांच्यातच तुलना करा. दुरुस्ती-देखभालीचा एसएसी (सेवेचा जीएसटी कोड) ९९८७, बिलावर ९ अधिक ९ टक्के जीएसटी, आणि टॅलीत जाईल अशी फाइल, एवढं नीट होतं का ते एका खऱ्या बिलावर तपासा. दर बदलायची सोय तुमच्या हातात हवी. २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. असा बदल झाल्यावर सपोर्टच्या फोनची वाट बघत बसणं परवडत नाही.

'जवळच्या टेक्निशियनला आपोआप काम' या सोयीवर भाळू नका. सिंहगड रस्ता आणि कर्वेनगर नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये मुठा आहे, आणि संध्याकाळी राजाराम पूल ओलांडताना अर्धा जीव जातो. आमच्याकडं कामं अजून ऑफिसमधली ताईच वाटते, भाग ठरवून. लोकेशन फक्त ड्युटीच्या वेळेत चालू ठेवतो. ते का लागतं हे पोरांना आधी बसवून सांगितलं, म्हणून कुरबुर झाली नाही.

पैसे बहुतेक ठिकाणी माणशी-महिना असतात. हेल्परला लॉगिन लागत नाही, तेव्हा ते मोजू नका. सही करण्याआधी सगळा डेटा, फोटो आणि मशीनच्या नोंदींसकट, एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवा म्हणावं. तोंडी "हो" चालणार नाही.

सुरुवात मार्चमध्ये अजिबात करू नका. उन्हाळ्यात पोरांना जेवायला वेळ नसतो. दिवाळीनंतर घ्या, पण तयारी आजपासून करा. सॉफ्टवेअर ठरायच्या आधीच जो पोरगा जिथं सर्व्हिसला जाईल, त्यानं तिथल्या प्रत्येक मशीनच्या नेमप्लेटचा फोटो आणायचा, आणि ताईनं संध्याकाळी तो एक्सेलमध्ये उतरवायचा. आमची यादी अशी पूर्ण व्हायला एक पूर्ण फेरी, म्हणजे ३ महिने लागले. नंतर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेलो तेव्हा तीच यादी एका दुपारी चढवली.