जर्मनीत योगवर्ग काढायचाय? आधी मुलीची शाळा बघा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: नवऱ्याला जर्मनीत नोकरी मिळतेय, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा तिथला परवाना) होईल, त्यांचा स्वतःचा योगवर्ग नाशकात चांगला चाललाय. तिकडे छोटा स्टुडिओ काढता येईल का? मुलगी तिसरीत आहे, तिचं कसं होईल? आणि तिकडे एकटं पडायला होईल का?

व्हिसाचं मी लिहीत नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला नोकरी आणि व्यवसाय दोन्हींची मुभा असते, हे तुम्हाला सरकारी पानांवर नीट मिळेल. मी मूळची सातारची, लोणावळ्याला कैवल्यधामात डिप्लोमा केला आणि आता बव्हेरियात, एर्लांगेनजवळ वर्ग चालवते. प्रश्न वाचल्यापासून डोक्यात घोळतोय, त्यामुळे पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

योगाला इथे मागणी आहे का? भरपूर आहे. पण ती आपल्यासाठी खोळंबलेली नाही. इथल्या योगशिक्षकांची व्यावसायिक संघटना १९६७ सालची आहे, म्हणजे माझ्या जन्माआधीची. उत्तम शिकवणाऱ्या जर्मन बायका गल्लोगल्ली आहेत. 'भारतातून आलेली शिक्षिका' म्हणून पहिल्या महिन्यात गर्दी होते, दुसऱ्या महिन्यात ज्यांना खरंच पाठ दुखतेय तेच उरतात. ते बरंच आहे म्हणा.

खरा पैसा प्रिव्हेन्शन कोर्समध्ये, म्हणजे आजार टाळण्यासाठीच्या वर्गांमध्ये असतो. आरोग्य विमावाले आठ ते बारा तासिकांच्या मान्यताप्राप्त कोर्सची बरीचशी फी सभासदाला परत देतात, त्यामुळे लोक आधी विचारतात, "तुमचा कोर्स विम्यात बसतो का?" तो बसण्यासाठी शिक्षिकेचं शिक्षण मान्य व्हावं लागतं. दोनशे तासांच्या सर्टिफिकेटवर भागत नाही. माझा डिप्लोमा होता, पण गुणपत्रिकेवर विषय आणि मार्क. यांना हवे तास. शरीरशास्त्र किती तास, मानसशास्त्र किती, प्रत्यक्ष पाठ किती, आणि तेही संस्थेच्या सहीशिक्क्यानिशी, जर्मन भाषांतरासकट. मी पाठवायची, मग नवाच माणूस उत्तर द्यायचा आणि आधीच्याने मागितलेलंच परत मागायचा. शेवटी कंटाळून इथलं प्रशिक्षण केलं. शिकवणारी बाई पुण्याला अय्यंगारांच्या संस्थेत जाऊन आलेली. दोर, पट्टे, विटा यांवर तिचा हात माझ्यापेक्षा पक्का होता. तिच्यासमोर मी युरो मोजून त्रिकोणासन पुन्हा शिकले. राग आला होता, पण शिकले हे खरं.

म्हणून निघण्याआधी एकच करा: जिथे शिकलात तिथून तासांची विभागणी लेटरहेडवर घेऊन ठेवा. इथे बसून ती मिळवायला फार फोन करावे लागतात.

अजून एक गंमत. विम्याचा कोर्स धर्मनिरपेक्ष असावा लागतो, म्हणून सकाळच्या वर्गात ॐ नाही. संध्याकाळच्या वर्गाला मात्र ॐ हवा, उदबत्ती हवी, चक्रांवर बोलायला हवं. मी ज्या परंपरेत शिकले तिथे, कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२० च्या दशकातच उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांवर क्ष-किरण लावून प्रयोग केले होते. हे सांगितलं की लोक नम्रपणे मान हलवतात आणि विचारतात, "पण तुमच्या घरी सगळे रोज ध्यान करतात ना?" आमच्या घरी सगळे रोज सकाळी पेपरावरून भांडायचे. आता मी हसून गप्प बसते. संध्याकाळच्या बॅचमधून भाडं निघतं.

पेन्शनचं मात्र नीट वाचा, कारण हे कोणी आपणहून सांगत नाही. इथे एकटीने, कुणाला नोकरीवर न ठेवता शिकवणाऱ्या शिक्षकाला सरकारी पेन्शन विमा सक्तीचा आहे आणि योगशिक्षिका त्यात मोडते. मिळकत अगदीच किरकोळ असेल तरच सूट. दर १८.६ टक्के, आणि मालकाचा वाटाही आपणच भरायचा. काम सुरू केल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. माझ्या ओळखीच्या एकीला हे माहीत नव्हतं, तिला मागच्या वर्षांची थकबाकी एकदम आली आणि तिने स्टुडिओच बंद केला.

जागेचं म्हणाल तर घाई करू नका. दुकानाचा गाळा योगवर्गासाठी वापरायचा तर वापरबदलाची परवानगी लागते. बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, शौचालयं किती, गाड्या कुठे लावणार. मी आधीच्या सायकल दुकानाचा गाळा घेतला. कागद फिरत राहिले, भाडं चालू आणि दार बंद. तुम्ही सुरुवातीला चर्चचा हॉल किंवा फिजिओथेरपिस्टची खोली तासावर घ्या. दहा तासिकांचं कार्ड विकण्यापेक्षा पूर्ण कोर्सची फी आधी घ्या. जानेवारीत जागा पुरत नाही, आणि जूनमध्ये ऊन पडलं की आख्खी बॅच बिअरगार्टनमध्ये असते.

एकटेपणाबद्दलही विचारलंत. त्याचा फार बाऊ करू नका. भाषा शिका, मंडळाच्या गणपतीला जा, कमी होतो.

आता शाळा. बव्हेरियात चौथीतच मुलांची पुढच्या वेगवेगळ्या शाळांमध्ये वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे सगळ्यात वाईट. २.३३ पर्यंत गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशुले (मधली पायरी), त्यापुढे मिटेलशुले (हातच्या कामधंद्याकडे झुकणारी). माझा मुलगा तिसरीत असताना आम्ही आलो. चौथीत गणितात एक, परिसर अभ्यासात तीन, जर्मनमध्ये चार. बेरीज आठ, सरासरी २.६७. बाई म्हणाल्या, "मिटेलशुले वाईट नसतं, हात चालवणारी मुलंही लागतात." ज्याला गणितात एक आहे त्याच्याबद्दल! मला नंतर कळलं, की पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या परभाषिक मुलांसाठी नियम सैल आहे. कमतरता फक्त भाषेची असेल आणि भरून निघणारी असेल, तर ३.३३ पर्यंत वरच्या शाळांसाठी विचार करता येतो. शाळेत कोणीही हे आम्हाला सांगितलं नाही. त्या वर्षी मी संध्याकाळी लोकांना शवासनात झोपवत होते आणि घरी मुलगा शब्दांच्या याद्या पाठ करत एकटा होता.

तो आता मोठा आहे, मेकॅट्रॉनिक्सचं (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) प्रशिक्षण घेतोय, मजेत आहे. तो विषय त्याने केव्हाच सोडलाय. मला तो अजून सोडवत नाही, आणि ती शाळा लागली की मी पलीकडच्या रस्त्याने जाते. साताऱ्यात मी चालवायची तो वर्ग माझ्याच एका विद्यार्थिनीने घेतला, तिच्याकडे आता माझ्यावेळेपेक्षा जास्त लोक येतात. कधी आनंद होतो, कधी होत नाही.

म्हणून म्हणते, नवऱ्याला विचारा की कंपनी कोणत्या राज्यात पाठवतेय. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, मुलीला भाषेसाठी दोन वर्षं जास्त मिळतात. नॉर्थ राइन-वेस्टफालियात शाळा शिफारस करते, पण शेवटी आई-वडील ठरवतात. बव्हेरियाच असेल तर वर्गशिक्षिकेला पहिल्याच भेटीत ३.३३ च्या नियमाबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या. शहर कळलं की मला लिहा. हॉलची भाडी वगैरे मग बघू.