वाचकांचे प्रश्न : शेफील्डचे पाते, अमेरिकेचे नाव

प्रश्न : ह्यूस्टनला नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला आला, तेव्हा त्याने तेथील जुन्या बाजारात घेतलेला एक ‘बोवी’ चाकू मला भेट दिला. हा अमेरिकेचा मानबिंदू आहे, असे तो सांगतो. पण पात्यावर तर इंग्लंडमधील शेफील्डचे नाव कोरलेले आहे. त्याची फसगत झाली असावी काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : केवळ शेफील्डच्या नावावरून तसे म्हणता येणार नाही, एकोणिसाव्या शतकातील बोवी चाकूंवर (लांब पात्याच्या मोठ्या सुऱ्यांवर) ते नाव सर्रास आढळते.

ज्याच्या नावाने हा चाकू ओळखला जातो, त्या जिम बोवीची (टेक्सासात ‘बूई’ म्हणतात) कीर्ती एका मारामारीतून पसरली. १९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेतील नॅचेझ या गावाजवळ, मिसिसिपी नदीतील वाळूच्या पट्ट्यावर दोघांचे द्वंद्व ठरले होते. ते कोणालाही इजा न होता मिटले. मात्र सोबत आलेल्या मंडळींतच जुंपली, आणि गोळ्या व गुप्तीचे वार अंगावर झेललेल्या बोवीने मोठ्या सुरीने नॉरिस राइट याला ठार केले. त्या काळचे पिस्तूल एकच बार काढी आणि ऐन वेळी दगा देई, त्यामुळे वर्तमानपत्रांतून ही हकिकत वाचलेल्या लोकांना तशीच सुरी हवीशी झाली. ६ मार्च १८३६ रोजी, मेक्सिकोविरुद्धच्या टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धात, बोवी अलामोच्या लढाईत मारला गेला आणि सुरीलाही हौतात्म्याचे वलय लाभले. अमेरिकेतील राज्य सरकारांना मात्र तिची धास्ती होती : अलाबामाने १८३७ मध्ये तिच्या विक्रीवर १०० डॉलरचा कर बसवला, तर टेनेसीने पुढच्याच वर्षी विक्रीवर बंदी घातली.

मूळ सुरी नेमकी कशी होती, यावर एकमत नाही. पहिली सुरी आपण शिकारीसाठी घडवली, असा दावा बोवीचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये केला. आर्कान्सामधील जेम्स ब्लॅक या लोहाराचेही नाव घेतले जाते. अमेरिकेत अशा सुऱ्यांना आलेली मागणी शेफील्डच्या कारागिरांनी अचूक हेरली. गिऱ्हाइकाला रुचतील अशी अमेरिकाप्रेमाची वाक्ये ते पात्यावर कोरीत. तेथील कारखानदार जॉर्ज वोस्टेनहोम याने तर इंग्रजांना हरवणाऱ्या वॉशिंग्टनचेच नाव आपल्या कारखान्याला दिले होते! आपल्या विळीने पिढ्यान्‌पिढ्या घरे सांभाळली, तरी तिला कोणी मराठी बाण्याची खूण मानत नाही, कारण तिच्यामागे अशी गोष्ट नाही. बोवीचे अमेरिकनपण त्या गोष्टीत आहे, पोलादात नाही.

अमेरिकेतच घडलेली नमुनेदार वस्तू हवी असल्यास भाच्याला १९६० च्या दशकात आलेला ‘बक ११०’ हा घडीचा चाकू पाहण्यास सांगावे.

आपण पात्याची लांबी कळवलेली नाही. ती ९ इंचांहून अधिक किंवा रुंदी २ इंचांहून अधिक असल्यास, घरगुती वापरासाठी न घडवलेला असा चाकू शस्त्र नियमांच्या कक्षेत येतो. म्हणून दिवाणखान्यात टांगण्यापूर्वी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत चौकशी करावी.