गाडीला गंज लागू नये म्हणून बसवतात ते इलेक्ट्रॉनिक यंत्र खरंच काम करतं का?

भाऊ, रावेरहून केळी भरायला नवी पिकअप घेताय आणि शोरूमवाला आठ हजारांचं गंजरोधक यंत्र घ्याच म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. घेऊ नका. मी घेतलं होतं.

२०१६ साली बसवलं. बॅटरीजवळ एक डबी, तिची वायर आणि वायरच्या टोकाला पत्र्यावर चिकटवलेली पट्टी. हिरवा दिवा शेवटपर्यंत लागत होता, म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं. चौथ्या पावसाळ्यानंतर क्लचपाशी पायाखाली मऊ लागायला लागलं. रबरी मॅट उचलली तर खालचा फोम ओलाचिंब. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला आणि भोकातून रस्ता दिसला. हौद्याच्या कोपऱ्यातले पापुद्रे नखाने निघत होते. पत्रा कापून नवा जोडायला यंत्राच्या दुप्पट पैसे गेले, आणि ऐन केळीच्या कापणीत गाडी आठ दिवस डेंटरकडे पडून राहिली.

पत्र्याला थोडा करंट देऊन गंज रोखतो, असा या यंत्राचा दावा. विजेने धातू वाचवता येतो, हे खोटं नाही. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये जहाजाच्या तळाच्या तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून समुद्राच्या पाण्यात ते वाचवून दाखवलं. जमिनीखालच्या तेलाच्या पाइपलाइनी आजही बाहेरून करंट देऊन जपतात. पण पाइपाभोवती सगळीकडून ओली माती असते, जहाजाभोवती पाणी. त्या ओलीतूनच करंट धातूपर्यंत पोचतो. तुमची गाडी हवेत उभी असते. दाराच्या आतला थेंब वेगळा, मडगार्डातला चिखल वेगळा, मध्ये सगळं कोरडं. पट्टीच्या आसपास काही फरक पडला तर पडला, त्यापुढे करंटला वाटच नाही. गंजाला मात्र एक थेंब पुरतो.

'बॉडीला निगेटिव्ह चार्ज मिळतो' असंही सांगतील. अहो, बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला आधीपासूनच जोडलेली असते, तरी गाड्या गंजतातच ना? अमेरिकेत १९९०च्या दशकात अशा यंत्राच्या जाहिरातींवर फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेने कारवाईही केली होती.

आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, उन्हाळा कडक. तरी पत्रा खातं काय? काळी माती आणि पोटॅश. काळी माती मडगार्डात थापून बसते आणि वर ऊन पडलं तरी आतून कितीतरी दिवस ओली राहते. केळीला घालतो तो पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एक मीठच. फाटक्या गोणीतून हौद्यात सांडलं की ओल धरून ठेवतं. माझा हौदा ज्या कोपऱ्यात गेला, तिथेच मी गोण्या लावायचो.

खत उतरवलं की हौदा झाडून पाण्याने धुवा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती काडी घालून मोकळी ठेवा. ती तुंबली की दार आतून सडतं. पैसे खर्चायचेच असतील तर खालून अंडरकोटिंग करा आणि दाराच्या, फुटबोर्डाच्या पोकळीत मेण मारून घ्या. मात्र चिखलावर किंवा ओल्या पत्र्यावर मारू देऊ नका, ओल आत कोंडते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की गाडी धुऊन चार दिवस उन्हात ठेवा आणि मग न्या. मे महिन्यात सांध्यांतलं पाणीही आटलेलं असतं, त्यामुळे कोट नीट धरतो.